कार्ल्याचे लाकूड, लोणावळ्याची कौले

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरल्यावर क्षणभर मान वर करून पाहावे. खडकात कोरलेल्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या फासळ्या कसलाही भार वाहत नाहीत. अखंड कातळाला टेकूची गरजच नाही. त्या तेथे आहेत, कारण कारागिरांच्या हाताला लाकडी वास्तूंची सवय होती आणि ती सवय दगडातही सुटली नाही. ज्या लाकडी वास्तूंची ही प्रतिकृती, त्या मात्र केव्हाच नाहीशा झाल्या.

लेण्याला आज कायद्याचे संरक्षण आहे. तेथून जवळच, लोणावळा-खंडाळ्याच्या गर्द रस्त्यांवर, विसाव्या शतकाच्या आरंभीची लाकूड-कौलांची घरे मात्र एकामागून एक उतरवली जात आहेत. या घरांचे मोल ते काय, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला हवे.

खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ मध्ये आणि भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर मुंबईच्या सधन कुटुंबांना उन्हाळ्यापुरते वेगळे घर बांधणे शक्य झाले. धर्मसंस्थांनीही येथे विश्रांतीची आणि चिंतनाची स्थाने उभारली. खंडाळ्याचा ‘व्हिला’ आपल्या अनेक वाचकांना तपसाधनेच्या दिवसांमुळे परिचित आहे.

या घरांची खरी गुणवत्ता नक्षीत नाही, ती पावसाशी केलेल्या व्यवहारात आहे. येथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून जोते काळ्या दगडाचे आणि उंच, छप्पर तीव्र उताराचे, त्यावर मंगलोरी कौले. (बासेल मिशनने या कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये काढला, मिशनऱ्यांच्या उद्योगाने पश्चिम किनाऱ्याचे रूपच बदलून टाकले.) पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचण रुंद, ओल कोंडू नये म्हणून भिंतीत उंचावर झरोके, आणि घराला वेढणारा व्हरांडा. पावसाळ्यात हा व्हरांडाच दिवाणखाना होतो: कपडे तेथेच वाळतात, पाहुणा तेथेच बसतो. आजच्या काँक्रीटच्या सपाट गच्चीवर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांनंतर निळी ताडपत्री किंवा पत्रा चढतो, तेव्हा जुन्या गवंड्याचे शहाणपण निराळे सांगावे लागत नाही.

वारशाचे मोजमाप करताना मात्र आपण दोनच पट्ट्या वापरतो. पहिली पट्टी थोर नावाची. मावळातच तळेगाव दाभाडे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला स्मारक म्हणून जपला गेला आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या घरात कोणी थोर राहिले नाही, त्याच्या वाट्याला या पट्टीने काहीच येत नाही. दुसरी पट्टी दर्शनी शोभेची. तिच्या आधारे लाकडी झालर आणि प्रवेशद्वार तेवढे राखून मागे हॉटेलच्या खोल्यांची रांग चढवता येते. असे राखलेले घर म्हणजे घराचा मुखवटा होय.

मुखवट्यामागे सर्वांत आधी बळी पडते ते परसदार. वेगळे स्वयंपाकघर, माळ्याची खोली, आचाऱ्याचे आउटहाउस यांना कोणी वारसा म्हणत नाही. वस्तुतः समोरच्या व्हरांड्यातील निवांतपणा मागच्या खोल्यांतील श्रमांवर उभा होता. समोरचे राखून मागचे पाडणे म्हणजे अर्धेच खरे सांगणे. हा काळ निव्वळ सुखाचाही नव्हता. लोणावळा-वळवणच्या जलाशयांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये टाटांची वीज मुंबईकडे निघाली. पुढे शेजारच्या मुळशीत जमिनी धरणाखाली जाणार म्हणून शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. बंगल्याची कथा सांगताना ही बाजू गाळली, तर वारसा ही केवळ सुखवस्तूंची हळवी आठवण ठरेल.

यावर एक सरळ आक्षेप आहे: खर्च कोणी करायचा? दरवर्षी शाकारणी, वाळवीशी झुंज, सागाचे भाव आणि चार भावंडांत वाटलेली मालकी. हा आक्षेप खोटा नाही. वसईच्या वाडीत किंवा वांद्र्याच्या गावठाणात ज्यांचे वडिलोपार्जित घर आहे, त्यांना तो अनुभवाने ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घराला ‘वारसा’ म्हणणे सोपे. डोक्यावर कौले गळत असताना म्हणणे कठीण. म्हणून केवळ मालकाला दोष देणारी टीका मला अपुरी वाटते. मुंबईत १९९५ पासून वारसा-नियमावली आहे. परंतु मनाईच्या जोडीला दुरुस्तीचा हातभार नसेल, तर नियमावली हे मालकाला ओझेच वाटणार.

तरीही काही गोष्टी आपल्या हाती आहेत. वापरात असलेले घर टिकते. बंद घराचे छप्पर आधी खचते. वाचनालय, पाळणाघर, वृद्धांचा विसावा अशा कामांना ही घरे शोभतात. पाडणे अटळच असेल, तर त्याआधी घराचे मोजमाप घ्यावे, परसदारासह छायाचित्रे काढावीत, आणि तेथे राबलेल्या माणसांची नावे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत.

कार्ल्याच्या कारागिरांनी आपल्या लाकडी घरांची आठवण निदान दगडात तरी ठेवली. आपण कौले उतरवतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पागोळ्या कोठे पडत होत्या हेही सांगता येत नाही.