मठ सोडल्यानंतरचे सुख : कॅरन आर्मस्ट्राँग यांची तीन आत्मकथने

कडक शिस्तीच्या धर्मसंस्थेतून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे आत्मकथन हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा, इतकी या प्रकारातील पुस्तकांची संख्या आता वाढली आहे. या पुस्तकांचा पूर्वार्ध बहुधा कसदार असतो व उत्तरार्ध फिका पडतो, असा अनुभव येतो. पूर्वार्धाला घंटा असते, वेश असतो, निषेध असतात. सांगण्यासारखी सामग्री संस्थेनेच पुरविलेली असते. उत्तरार्धाच्या वाट्याला मात्र वाचकाचा एक प्रश्नच काय तो येतो: 'मग आता आपण सुखी आहात ना?' हा प्रश्न लेखकाकडून कोणते उत्तर वदवून घेतो आणि त्या उत्तरापायी पुस्तकाचे काय होते, हे एकाच लेखिकेच्या तीन पुस्तकांच्या आधारे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एकाच आयुष्याचा तोच कालखंड एकाच व्यक्तीने दोनदा लिहिला, आणि पहिले लेखन स्वतःच खोटे ठरविले, असे उदाहरण अन्यत्र सहसा मिळत नाही.

कॅरन आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९४४ सालचा. १९६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या इंग्लंडमधील 'सोसायटी ऑफ द होली चाइल्ड जीझस' या रोमन कॅथलिक संघात नन होण्यासाठी दाखल झाल्या आणि १९६९ साली व्रतांतून मोकळीक घेऊन बाहेर पडल्या. त्या वेळी त्या संघाच्याच अनुज्ञेने ऑक्सफर्डच्या सेंट ॲन्स महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करीत होत्या. 'थ्रू द नॅरो गेट' (१९८१) हे त्यांचे पहिले पुस्तक मठातील सात वर्षांचे आहे. 'बिगिनिंग द वर्ल्ड' (१९८३) हे त्यापुढील वर्षांचे. आणि 'द स्पायरल स्टेअरकेस' (२००४) हे पुन्हा त्याच पुढील वर्षांचे, परंतु एकवीस वर्षांनी लिहिलेले. धर्मेतिहासाच्या लेखिका म्हणून 'ए हिस्टरी ऑफ गॉड' (१९९३) पासून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तेव्हा तिसरे पुस्तक एका प्रख्यात ग्रंथकर्त्रीचे आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिल्या पुस्तकाविषयी थोडक्यात सांगता येईल. त्यातील शिवणयंत्राचा प्रसंग वाचकाच्या स्मरणातून जात नाही. नवशिक्या मुलीला पायाच्या शिवणयंत्रावर सराव करण्याची आज्ञा होते. यंत्राला सुई नाही, असे ती निदर्शनास आणते. उलट उत्तर केल्याबद्दल तिची खरडपट्टी निघते, आणि रोज ठरलेला वेळ सुईवाचून यंत्र चालविण्याचे काम तिच्यामागे लागते. आज्ञापालनाचा अर्थ सांगण्यास यापरते दृष्टान्त शोधण्याची गरज नाही. लेखिका येथे टीकाभाष्य करीत नाही, आणि म्हणूनच प्रसंग उभा राहतो. या पुस्तकाचे यश निर्विवाद आहे. पण त्या यशानेच दुसऱ्या पुस्तकाची मागणी निर्माण केली.

दुसऱ्या पुस्तकासंबंधी लेखिकेचाच निर्णय कठोर आहे. 'स्पायरल स्टेअरकेस'च्या प्रारंभी त्या म्हणतात की ते आपले सर्वांत वाईट पुस्तक होय. ते दुर्मीळ झाले याचा आपल्याला आनंद वाटतो. ते फार लवकर लिहिले गेले, आणि त्यात स्वतःला शक्य तितके प्रसन्न व उत्साही दाखवावे असा आग्रह आपल्याला करण्यात आला होता. म्हणजे 'सुखी आहात ना?' या प्रश्नाला होकार द्यावयाचा हे पुस्तक लिहिण्यापूर्वीच ठरले होते. आता हा आग्रह एकट्या ग्रंथव्यवहाराच्या माथी मारून चालणार नाही. विक्रीचा विचार त्यात असेल. तथापि बाहेर पडलेल्या व्यक्तीने सुखी असलेच पाहिजे, या अपेक्षेची मुळे अधिक खोल आहेत. मला ती भाषेतच दिसतात.

संस्था सोडणाऱ्याला नाव कोण देते? बहुधा सर्वत्र ती संस्थाच देते. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्यास आपल्या धर्मशास्त्राने 'आरूढपतित' म्हटले. चढला आणि पडला. या समासात दिशा ठरलेली आहे: आत म्हणजे वर, बाहेर म्हणजे खाली. विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने आळंदीस संसारात परतले, असे परंपरा सांगते. त्या परतण्याची किंमत पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई यांनी 'संन्याशाची पोरे' या नावाने मोजली. ज्ञानेश्वरीच्या कर्त्यालाही जो शब्द चुकला नाही, त्याचे वजन मराठी वाचकास निराळे समजावून सांगावयास नको. 'पतित' म्हणून जिची संभावना झाली ती व्यक्ती 'मी पडले नाही' हे सिद्ध करू लागते, आणि त्याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे हसरा चेहरा. दुसऱ्या पुस्तकातील प्रसन्नता ही या अर्थाने मठालाच दिलेले उत्तर आहे. शरीर बाहेर पडले, पण वादाची भाषा अजून आतलीच राहिली.

याला अपवाद नाहीत असे नव्हे. थेरवादी विनयात 'सिक्खापच्चक्खान' म्हणून एक विधी आहे. भिक्षूने, समजू शकेल अशा मनुष्यासमोर, आपण शिक्षा सोडीत असल्याचे स्पष्ट शब्दांत उच्चारले की तो गृहस्थ झाला. उच्चार हीच येथे कृती होय. त्यात पतनाचा अर्थ गृहीत नाही, आणि पुन्हा दीक्षा घेण्याची वाटही मोकळी राहते. धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपात बौद्ध संघात दाखल झाले व पुढे चीवर उतरवून गृहस्थाश्रमात आले. त्यांच्या 'निवेदना'त (१९२४) या संक्रमणाचा आक्रोश नाही की समर्थनाची धडपडही नाही, याचे कारण केवळ त्यांच्या स्वभावात शोधू नये. त्यांना उत्तर द्यावे असा शब्दच समोर नव्हता.

आधुनिक हिब्रूने याबाबतीत एक मार्मिक खेळ केला आहे. 'तशुवा' या शब्दाचे अर्थ परतणे व पश्चात्ताप असे आहेत, आणि उत्तर असाही आहे. धर्मनिष्ठ जीवनाकडे वळलेला तो 'तशुवे'त परतला, असे म्हणतात. त्यावर श्लेष करून, निष्ठावंतांची वस्ती सोडणारा 'शेएले'त, म्हणजे प्रश्नात, निघाला असा प्रयोग इस्राएलात रूढ झाला. हे नाव बाहेर पडणाऱ्यास खाली ढकलत नाही, आणि ते त्याच्याकडून उत्तराचीही अपेक्षा करीत नाही. मराठीत 'बाटणे', 'वाळीत पडणे', 'धर्मांतर करणे' हे सर्व आहे. कोठेही न जाता नुसत्या निघालेल्या माणसाला मात्र आपल्याकडे शब्द नाही.

आता तिसऱ्या पुस्तकाकडे वळू. प्रारंभीच ऑक्सफर्डच्या भोजनगृहाचा प्रसंग आहे. नुकतीच मठ सोडलेली ही विद्यार्थिनी उशिरा पोहोचते आणि, मठाचा नियम अंगात मुरलेला असल्यामुळे, सर्वांदेखत गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेते. भोवतालचे चेहरे पाहिल्यावर आपण काय केले ते तिला कळते. दुसरीकडे त्या १९६२ च्या क्यूबा-संकटाची हकीकत देतात: संकट उद्भवल्याचे मठात नवशिक्या मुलींना सांगण्यात आले, पण ते टळल्याचे सांगावयाचे राहून गेले, आणि त्या बिचाऱ्या पुढे काही आठवडे जगाच्या अंताची वाट पाहत राहिल्या. हा विनोद फार चांगला आहे. परंतु माझ्या मते पुस्तकाचे मर्म त्याहून कमी चित्रमय अशा एका कबुलीत आहे. मठातील शिक्षणाने आपली स्वतः विचार करण्याची शक्तीच सुकून गेली होती. निबंध लिहिताना इतरांची मते सुबकपणे जुळविता येत, स्वतःचे मत विचारले की आत काहीच सापडत नसे, असे त्या लिहितात. (अशा निबंधांना परीक्षेत उत्तम गुण मिळतात, हे आपणा अध्यापकांना नवीन नाही. त्यांनाही प्रथम श्रेणी मिळाली.) पुढे टेनिसनवरील त्यांचा प्रबंध बाह्य परीक्षकाने नाकारला आणि विद्यापीठातील भवितव्य संपले.

या साऱ्या काळात एक आजार त्यांच्या मागे होता. अकस्मात भीती दाटून येई, नाकाला नसलेले वास येत, भोवतालचे जग अनोळखी होई, कधी शुद्ध हरपे. मठात मूर्च्छा येणे म्हणजे मनाचा दुबळेपणा व स्वतःकडे लक्ष वेधण्याची खोड, असा अर्थ लावला गेला. बाहेर आल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी त्याच गोष्टीला दडपलेल्या भावनांचा परिणाम ठरविले. दोन्ही निदानांचा व्याकरणदृष्ट्या कर्ता एकच आहे: दोष रुग्णाचा. एका परिभाषेतून सुटलेली स्त्री दुसऱ्या परिभाषेच्या ताब्यात गेली, एवढाच काय तो फरक. १९७६ साली त्या लंडनमध्ये कोसळल्या, रुग्णालयात नेण्यात आले, आणि तेथे हा मेंदूच्या एका भागातील अपस्माराचा विकार असल्याचे प्रथमच सांगण्यात आले. हे ऐकून त्यांना दुःख झाले नाही. तो निर्भेळ आनंदाचा क्षण होता, अशा आशयाचे त्या लिहितात.

अपस्माराचे निदान ही सुखाची गोष्ट कशी, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. पण विचार करता, या तीन पुस्तकांत बाहेरच्या आयुष्यातील सुखाचे याहून प्रामाणिक वर्णन नाही. चौदा वर्षे चुकीच्या शब्दांखाली दडलेल्या अनुभवाला अखेर त्याचे नाव मिळाले, आणि ते नाव निंदेचे नव्हते. 'बिगिनिंग द वर्ल्ड'च्या तोऱ्याला जे साधले नाही ते या एका नामकरणाने साधले, याचे कारण हे सुख मठाच्या विरोधात सिद्ध करावयाचे नव्हते. ते कोणाला उत्तर नव्हते.

यानंतरचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. अध्यापनाची नोकरी प्रकृतीमुळे सुटली. दूरचित्रवाणीचे काम आले आणि तेही थांबले. अखेर घरी एकटीने बसून तीन धर्मांचे ग्रंथ वाचण्याचा दिनक्रम सुरू झाला. मौन, एकान्त, ठरावीक वेळ, ग्रंथावर मन स्थिर करणे. मठात जे लादले गेले व साधले नाही, ते येथे नकळत साधले. ज्यू पंडित हायम मॅकोबी यांच्याशी झालेल्या बोलण्यातून त्यांना एक धागा सापडला: धर्मात काय मानावे यापेक्षा काय करावे याला महत्त्व असू शकते. आपल्याकडे 'आचार' आणि 'श्रद्धा' हे शब्द मुळातच भिन्न असल्याने हा शोध मराठी वाचकाला तितकासा चकित करणार नाही. पण मतांच्या काट्यांवर वाढलेल्या मुलीला तो सुटकेसारखा वाटला, यात नवल नाही.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. आर्मस्ट्राँगबाई संघात गेल्या त्याच वर्षी दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) सुरू झाली आणि जुनी शिस्त मोडीत निघू लागली; तेव्हा त्यांचा अनुभव एका मावळत्या व्यवस्थेचा आहे. शिवाय त्यांचे बाहेर पडणे रीतसर होते, आप्तांनी त्यांना दूर लोटले नाही. हे दोन्ही खरे आहे, आणि तुलनेने ते अधिक स्पष्ट होते. न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्क्वेअर या स्क्वेर पंथीय हसिदी वस्तीतून बाहेर पडलेले शुलेम डीन यांनी 'ऑल हू गो डू नॉट रिटर्न' (२०१५) या पुस्तकात पाच मुलांचा सहवास गमावल्याची हकीकत दिली आहे. तेथे 'सुखी आहात ना?' हा प्रश्नच क्रूर ठरतो. स्वातंत्र्य आहे, पण ते ज्यांच्यासह भोगावे ती माणसे पलीकडे राहिली आहेत. डीन यांनी या दोहोंची बेरीज-वजाबाकी मांडली नाही, हा त्यांच्या पुस्तकाचा मोठा गुण.

ब्रुकलिनमधील सातमार पंथ सोडून बर्लिनला गेलेल्या डेबोरा फेल्डमन यांचे उदाहरण भाषाभ्यासकाला विशेष रुचेल. इंग्रजीतील 'अनऑर्थोडॉक्स' (२०१२) नंतर त्यांनी २०१७ साली जर्मनमध्ये लिहिलेल्या पुस्तकाला 'यूबरबिटन' हे नाव दिले. ते यिडिशमधील 'इबरबेटन', म्हणजे समेट करणे वा क्षमा मागून संबंध जुळविणे, या क्रियापदावर घडविलेले आहे. सोडलेल्या घरचा शब्द नव्या भाषेत नेऊन बसविण्याची ही रीत कोणत्याही सुखाच्या जाहीरनाम्यापेक्षा मला बोलकी वाटते.

'स्पायरल स्टेअरकेस'चे गुण सांगितले, तसे एक न्यूनही नोंदविले पाहिजे. पुस्तकाचे नाव व त्याची रचना एलियटच्या 'ॲश वेन्सडे' या काव्यातील वळणाच्या जिन्यावर बेतली आहे: त्याच जागी फिरून येत असल्याचे वाटते, पण चढण चालू असते. प्रतिमा सुंदर आहे. पण ती शेवटी फारच कामाला लावली आहे. अखेरच्या प्रकरणांत करुणा हे सर्व धर्मांचे सार म्हणून पुढे येते, लेखिकेची वाणी व्याख्यात्याची होते, आणि मागची प्रत्येक ठेच पायरी ठरू लागते, नाकारलेला प्रबंधसुद्धा. 'आरूढपतित' या शब्दातील वर-खाली येथे उलट दिशेने परत आले आहे. दुसऱ्या पुस्तकातील आग्रही प्रसन्नता अशा रीतीने तिसऱ्यात मागील दाराने थोडीशी शिरली आहे, आणि जेथे ती शिरत नाही ती पाने, म्हणजे निदानानंतरची आणि एकान्तातील वाचनाची पाने, तीन पुस्तकांत सर्वांत थोडकी आहेत.