विजयदुर्गाचे कट्टे आणि ‘निरीक्षणा’चा अर्थ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियमचा शोध लावला, अशी समजूत रूढ आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते. सौरज्वालांचा वर्णपट त्यांनी तेथेच, ग्रहणाविना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी पाहिला. ऑगस्टमधील ग्रहणाचे निरीक्षण करणारे जान्सेन गुंटूर येथे होते. लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झी यांनी १८९५ मध्येच एका युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम वायू मिळविला होता.

तथापि तारीख सुधारल्याने प्रश्न संपत नाही. ‘पाहिले’ म्हणजेच ‘शोधले’ हे जे समीकरण या समजुतीच्या मुळाशी आहे, तेच पुंजयामिकीच्या विवेचनातही पुष्कळदा गोंधळ माजविते. १८६८ मध्ये ती पिवळी रेषा अनेकांनी पाहिली. परंतु काहींनी ती सोडियमचीच मानली. सोडियमच्या रेषा ५८९० व ५८९६ ऑंगस्ट्रॉमवर आहेत, तर ही ५८७६ वर. प्रकाश डोळ्यांत पोचला होता. मात्र या दोन शक्यतांत निवाडा करणारे मोजमाप झाले नव्हते. म्हणजे दर्शन घडले, मापन घडले नाही.

येथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवणे अवश्य आहे. पहिली, फोटॉन व उपकरण यांची आंतरक्रिया. दुसरी, तिचा न पुसणारा ठसा. तिसरी, त्या ठशावरून काढलेले अनुमान. एक फोटॉन प्रकाशचित्राच्या काचेवर नेमका कोठे पडेल हे सांगता येत नाही. असंख्य फोटॉनांच्या ठशांतून रेषा सिद्ध होते. बोर यांच्या मते असा अपरिवर्तनीय ठसा उमटला की घटना पूर्ण होते. ती काच पुढे कोणी पाहतो की नाही, यावर ते अवलंबून नसते. म्हणून ‘निरीक्षकाच्या जाणिवेने अणूची अवस्था ठरते’ हे विधान मापनाची व्याख्या म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवणे सयुक्तिक नव्हे.

याचा अर्थ सर्व काही उलगडले असा मात्र नाही. वस्तू आणि निरीक्षक यांतील सीमारेषा साखळीत कोठेही ओढली तरी भाकिते तीच राहतात, हे फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये दाखविले. अनेक शक्यतांपैकी एकच प्रत्यक्षात का येते, हा प्रश्न ठशाच्या कल्पनेनेही सुटत नाही. तो अनिर्णित आहे असे स्पष्ट सांगणे, हेच प्रामाणिक अध्यापन होय.

विजयदुर्गाचे महत्त्व या चिकित्सेने उणावत नाही. १८९८ चे निरीक्षण खरे आहे आणि अभिमानास तेवढा आधार पुरेसा आहे. परंतु ज्या विज्ञानात ‘काय नोंदले गेले’ याला सर्वाधिक मोल, त्याचे स्मारक उभारताना नोंदीचीच उपेक्षा होऊ नये.