पॅरिस वर्गीकरणातील ‘सपाट’ ही संज्ञा

कोलोनोस्कोपीत, म्हणजे बृहदांत्राच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, कर्करोगपूर्व वाढी निसटतात याचे खापर बहुधा उपकरणावर किंवा घाईवर फोडले जाते. संज्ञेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ‘पॉलिप’ हा मुळात ‘बहुपाद’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द. त्याने शिकणाऱ्याच्या मनावर उभ्या गाठीचे चित्र ठसविले. पसरट वाढी ही जपानपुरती बाब होय, असा समज पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ होता. सोएटिक्नो व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली अमेरिकेतील १,८१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ९.३५ टक्के रुग्णांत अशा वाढी आढळल्या. शिवाय आकार कोणताही असो, त्यांत कर्करोग असण्याचा संभव उभ्या गाठींहून अधिक दिसला.

२००२ साली पॅरिस येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून जे वर्गीकरण सिद्ध झाले, त्याचे श्रेय येथे मान्य केलेच पाहिजे. जठराच्या कर्करोगासाठी जपानमध्ये १९६२ साली केलेल्या विभागणीचा आधार घेऊन त्याने पसरट व खोलगट वाढींना उभ्या गाठींच्या बरोबरीचे स्थान दिले. दोष आहे तो सीमारेषेत. बृहदांत्रात बैठी गाठ आणि किंचित उंच पसरट वाढ यांतील भेद २.५ मिलिमीटर उंचीवर, म्हणजे ऊतीचा तुकडा काढण्याच्या मिटलेल्या चिमट्याच्या जाडीवर, ठरविला आहे. मराठी भाषकास ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद सहज कळतो, कारण त्या दोहोंच्या दरम्यान त्याची भाषा तिसरे काही मानीतच नाही. वाढीची उंची ही मात्र अखंड श्रेणी आहे; त्यातच आतड्यात हवा भरली की भिंत ताणली जाते आणि वाढीचा उठावही बदलतो.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात सात पाश्चात्त्य तज्ज्ञांना ८५ चित्रफिती दाखविण्यात आल्या. त्यांच्यातील एकमत मध्यमच, ०.४२ इतक्या काप्पा-मूल्याचे, ठरले. एकाने १३ टक्के वाढी ‘सपाट’ म्हटल्या, तर दुसऱ्याने ४० टक्के! प्रशिक्षणानंतरही एकमत वाढले नाही. तेव्हा उणीव वाचकांच्या अज्ञानात नसून व्याख्येतच आहे, असे मानणे भाग आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. नामकरण हे शोधानंतरचे कार्य होय. ग्रंथिअर्बुदांच्या शोधाचे प्रमाण सूक्ष्मदर्शकाखालील निदानावरून मोजतात, बाह्य आकारावरून नव्हे. हे खरे. परंतु शिकाऊ वैद्य काय शोधावयाचे ते याच संज्ञांतून शिकतो. ‘सपाट’ या नावाखाली एका गुरूने काही दाखवावे आणि दुसऱ्याने ते ‘बैठे’ म्हणून वगळावे, अशा स्थितीत त्याच्या दृष्टीस वळण लागणार कसे? खोलगट वाढीचा भेद अवश्य राखावा, कारण धोका तेथे सर्वाधिक आहे. बैठी आणि किंचित उंच यांतील रेषा मात्र पुसून टाकावी, व अहवालात अंदाजे उंचीच मिलिमीटरमध्ये नोंदवावी.