दुष्यंताचे विस्मरण

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी रसिकाने दुष्यंताला क्षमाच केली आहे. बिचाऱ्याचा काय दोष? दुर्वासांनी शाप दिला, अंगठी पाण्यात पडली आणि राजा विसरला! मला मात्र या विस्मरणाची थोडी उलटतपासणी करावीशी वाटते. विसरणे म्हणजे काय, हे आज मेंदूच्या अभ्यासाने पुष्कळ उलगडले आहे.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून, दोन्ही कानशिलांच्या आतला मेंदूचा काही भाग कापून काढला. त्यात हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा गेला. झटके कमी झाले. पण नवी आठवण टिकेना. वर्षानुवर्षे तपासायला येणाऱ्या ब्रेंडा मिल्नरबाई त्याला दर वेळी परक्याच. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्यात त्याचा हात रोज सुधारत गेला. आणि हे आपण पूर्वी केले आहे, याचा त्याला पत्ताच नसे!

म्हणजे स्मृती ही एका कणगीत भरलेले धान्य नव्हे. मेंदूतील पेशींच्या जोडण्यांची निरनिराळी जाळी आहेत. हाताच्या सवयीचे एक, घडलेल्या प्रसंगाचे दुसरे. एक तुटले तरी दुसरे चालते. आणि प्रसंगाचे जाळे शाबूत असले, तर त्याचा एक धागा हलताच सारे जाळे जागे होते.

येथे कालिदासाला दाद दिली पाहिजे. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांपासून बोलपटांपर्यंत डोक्यावरच्या एका तडाख्याने गेलेली स्मृती दुसऱ्या तडाख्याने परतते, हा निव्वळ सोयीचा मामला. अंगठी दिसताच सारा प्रसंग उभा राहणे, हे मात्र खरे.

परंतु महाभारतात शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथे राजाला सारे आठवत असते; भरसभेत तो ‘आठवत नाही’ म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर, लोकांनी शंका घेतली असती, असे कारण देतो. कालिदासाने नायक वाचवला. व्यासांनी माणूस दाखवला. कादंबरीकार म्हणून माझे मत व्यासांच्या बाजूने पडते.

हा वाद केवळ साहित्यिक नाही. वर्गात दोन मुले ‘विसरलो, गुरुजी’ म्हणतात. एकाचे खरे असते, दुसऱ्याचे नसते. घरातल्या आजीला नातवाचे नाव आठवत नाही, तेव्हा ‘सोंग करते म्हातारी’ म्हणणारेही असतात. तिच्या मेंदूतले जाळे विरत चाललेले असते, आणि आपण तिला दुष्यंताच्या पंक्तीला बसवतो! उलट, ज्याला सारे आठवते त्याला शापाची सबब मिळते.

तोंडातून निघणारे शब्द दोघांचे सारखेच. त्यांतला भेद ओळखणे हेच लेखकाचे काम. मेंदूचे शास्त्र त्याला साहाय्य करील. पात्राला माफी लिहून देण्यासाठी मात्र त्याने ते वापरू नये.