लिबरेटरचा पंख आणि गोष्टीतली गाळलेली वर्षं

ॲस्पेक्ट रेशो समजावताना माझं आवडतं उदाहरण बी-२४ लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बर. पंखांचा विस्तार ११० फूट, पण रुंदी कमी. गुणोत्तर साधारण ११.५. त्याच काळातल्या बी-१७चं साडेसातच्या आसपास. पंखाच्या टोकाशी खालची जास्त दाबाची हवा वर वळते, भोवरा तयार होतो आणि इंजिनाची ताकद त्यात वाया जाते. पंख लांब आणि अरुंद असला की ही उधळपट्टी कमी होते, विमान तेवढ्याच इंधनात जास्त लांब जातं. देखणं गणित आहे.

गोंदियात हे सांगायला सोपं जातं. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी महायुद्धाच्याच काळात बांधली आणि आज तिथे वैमानिक शिकतात, त्यामुळे विमानाचं वेड इथे फुकट मिळतं. माझी तक्रार या वेडातून होणाऱ्या लिखाणाबद्दल आणि व्हिडिओंबद्दल आहे.

लिबरेटरची आपली लाडकी गोष्ट अशी. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ही विमानं भंगारात काढली, तीही परत उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसेक पुन्हा उभी केली. जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. भारतीय हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली, आणि १९७४मध्ये एक चक्क ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट दिलं! माझीही छाती फुगते. फुगावीच.

पण ही गोष्ट अमेरिकेतल्या कारखान्यातून थेट कानपूरच्या भंगारात उडी मारते. मधे काय झालं?

मधे ही विमानं बंगालमधल्या सालबनी, डिगरीसारख्या तळांवरून रंगून, बँकॉक आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर बॉम्ब टाकत होती. इतक्या लांब जाऊन परत यायला जो पल्ला लागतो, तो देण्यात त्या देखण्या पंखाचा मोठा वाटा. ती रेल्वे बांधताना १२ हजारांवर युद्धकैदी मेले, आणि मलायातून नेलेले तमिळ मजूर किती मेले याची तर धड मोजदादही नाही. रुळांशेजारीच कैद्यांच्या छावण्या होत्या, त्यामुळे काही कैदी आपल्याच बाजूच्या बॉम्बनी मेले. आणि रंगून? युद्धाआधी तिथली निम्म्याहून जास्त वस्ती भारतीय होती. १९४२मध्ये लाखो लोक ब्रह्मदेशातून पायपीट करत निघाले. जे मागे राहिले ते या विमानांच्या खाली होते.

म्हणून बॉम्बफेक चूकच होती, असं मी म्हणत नाही. त्याच रेल्वेने इंफाळवर चालून आलेल्या जपानी सैन्याला रसद जात होती. ती तोडणं भागच होतं. पण "हे तांत्रिक लेखन आहे, इथे राजकारण नको" हा बचाव मला पटत नाही. पल्ला हा आकडा कुठून कुठपर्यंत हे सांगितल्याशिवाय अर्धाच राहतो. ३,६०० किलोच्या बॉम्बना 'पेलोड' म्हटलं की पार्सल असल्यासारखं वाटतं, हे वेगळंच.

उदाहरण मी बदललेलं नाही, एवढा चांगला पंख दुसरा सापडत नाही. फक्त पंखाच्या आकृतीनंतर आता नकाशा येतो: सालबनी ते बँकॉक, मधे रेल्वे आणि तिच्या कडेच्या छावण्या. प्रश्न जास्त त्या स्लाइडवर येतात, आणि ड्रॅगचं समीकरण बऱ्याचदा पुढच्या तासावर जातं.