तिरक्या रेघेची वंशावळ

पुण्यात कर्वेनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या फाटकावर नावाखाली बारीक अक्षरात सर्व्हे नंबर असतो. आकडा, तिरकी रेघ, हिस्सा नंबर, पुन्हा रेघ, पुन्हा आकडा. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण हे गाळतो. मला मात्र सगळ्या पत्त्यात तेवढंच वाचण्याजोगं वाटतं. असे पोटहिस्से पडतात वाटणीने, नाहीतर विक्रीने. म्हणजे त्यातली एखादी रेघ ही कधीतरी वेगळी झालेली चूल. कर्वेनगरचं मूळ गाव हिंगणे बुद्रुक, त्याच्या नावातही वाटणी आहेच. मुठेच्या अलीकडे बुद्रुक, म्हणजे थोरलं. पलीकडे खुर्द, धाकटं.

या रेघांचं मूळ गद्य म्हणजे वाटणीपत्र. विशेषणाला तिथे थारा नाही. जमीन कशी, तर पूर्वेस ओढा, पश्चिमेस चुलत्याचा बांध, दक्षिणेस गाडीवाट. चतुःसीमा सांगितली की संपलं. जमिनीची ओळख शेजाऱ्यावरून. मग जंगम उतरतं: बैलजोडी, मोट, नाडा, हंडा, घंगाळ, पुरणाची कढई. देव बहुधा थोरल्याकडे, आणि सणाला धाकट्यांनी तिथे यायचं.

खरी गंमत विहिरीशी येते. विहिरीत बांध घालता येत नाही, म्हणून तिथे पाणी न वाटता वेळ वाटतात. अमक्याची पाळी, मग तमक्याची. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘विहिरीत चार आणे हिस्सा’ अशी नोंद अजून सापडते. 1957 साली दशमान नाणी आली आणि हळूहळू बाजारातून आणा गेला. विहिरीतून गेला नाही.

हिंदू वारसाहक्काच्या मिताक्षरा रिवाजात मुलगा जन्मतःच वडिलार्जित जमिनीचा वाटेकरी, आणि वाटे सारखे. पाटीलकीच्या मानपानात थोरल्याला पहिलं पान असेल, शेतात नाही. बरं, सारखेपणा क्षेत्रफळावर भागत नसे. काळीतला तुकडा सगळ्यांना हवा, मग बरडातलाही सगळ्यांनी घ्यायचा. न्यायाला धरूनच होतं, पण त्या न्यायाने शेताच्या चिंध्या झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी इथून जवळच्याच पिंपळे सौदागरचा हिशेब 1917 साली छापला. 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली खातेदाराची जमीन 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती. पुढे 1947 साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. (आज त्याच पिंपळे सौदागरात जमीन चौरस फुटांत मोजतात, तो भाग वेगळा.)

वाटणीपत्रात विधवा भावजय येते ती मात्र एका शब्दात: अन्नवस्त्र. कढईची गणती आहे, नाड्याची आहे. तिला चतुःसीमा नाही. ज्या घराने तिला पोसायचं त्याच्या वाट्यात ती बसते, तीही हयातीपुरती. 1937 च्या कायद्याआधी एकत्र घरातल्या मुलगा नसलेल्या विधवेचा हक्क एवढाच. धोंडो केशव कर्व्यांनी 1900 साली आपला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून हिंगण्यात हलवला, तो याच अन्नवस्त्रातल्या बायकांसाठी. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी त्यासाठी 6 एकर जमीन दिली होती. ज्या शिवारात विधवेच्या नावावर सहसा बांधही चढत नसे, तिथे तिला झोपडीत का होईना, पाटीपुस्तक मिळालं.

महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना मुलांच्या बरोबरीने वडिलोपार्जितात आणलं, 2005 मध्ये देशानेही. तेव्हापासून या साहित्यप्रकाराला नवा बहर आला आहे, हक्कसोडपत्राचा. बहिणी येतात, भावाच्या नावाने हिस्सा सोडतात, दुय्यम निबंधकाकडे अंगठा देतात, फोटो काढतात, आणि सगळ्यांनी मिळून बाहेर चहा होतो. त्या कागदाची भाषा तीच जुनी, घोटीव, विशेषण टाळणारी. विशेषणासारखं काही येतं ते शेवटी सहीच्या वर: ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’. बैलजोडी वाटताना एवढं सांगावं लागत नव्हतं.