अर्पणपत्रिका आणि १८७३ चे वर्ष : ‘गुलामगिरी’चे एक पुनर्वाचन

महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका महाराष्ट्रात जितक्या वेळा सांगितली जाते, तितकी ती वाचली जात नाही. अमेरिकेतील सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी जो त्याग केला, त्याबद्दल आदर म्हणून जोतीरावांनी हे पुस्तक त्यांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा धरली. बहुतेक अभ्यासक यातून जोतीरावांची जागतिक दृष्टी सिद्ध करतात आणि तिथेच थांबतात. जणू अमेरिकेतले काम पूर्ण झाले होते आणि पुण्याहून फक्त आभार मानायचे राहिले होते!

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र बदलते. पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेखाली १ जून १८७३ ही तारीख आहे. अमेरिकेत १८६५ ते १८७७ हा काळ ‘रिकन्स्ट्रक्शन’चा, म्हणजे यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा मानला जातो. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामी संपली, १८६८ साली नागरिकत्व मिळाले, १८७० साली मताधिकार मिळाला. पण १३ एप्रिल १८७३ रोजी लुइझियानातील कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ आकुंचित केला. मुक्त गुलामांसाठी शाळा उभारणारे सरकारी खाते आदल्या वर्षीच बंद झाले होते. युद्धाच्या अखेरीस काही कुटुंबांना वाटून दिलेल्या जमिनी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत करून टाकल्या होत्या. ज्या कृत्याला पुस्तक अर्पण झाले, ते कृत्य त्याच वर्षी उसवू लागले होते.

मग अर्पणपत्रिका भाबडी ठरते काय? माझ्या मते नाही. पण त्यासाठी पहिले पान उलटून पुढे जावे लागते. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचा पूर्वार्ध अवतारकथांच्या उलटतपासणीचा आहे आणि चर्चा बहुधा त्याचीच होते. उत्तरार्धात मात्र मामलेदार, कलेक्टर, इंजिनिअर खाते आणि शाळाखाते येते. पेशवाई जाऊन इंग्रजांचे राज्य आले तरी गावातल्या शूद्राचे काम ज्या टेबलावर अडते, ते टेबल बदललेले नाही, हे जोतीराव तिथे दाखवतात. रयतेच्या पैशातून वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण चालते आणि ती विद्या आपोआप खाली झिरपेल अशी सरकारची समजूत आहे. या समजुतीवर त्यांनी इंग्रजी प्रस्तावनेतच प्रहार केला. सारांश, नुसत्या कायद्याने मिळालेली मुक्ती टिकत नाही; शाळा आणि कचेरी हाती यावी लागते. अमेरिका नेमका हाच धडा विसरत होती. अर्पणपत्रिकेतल्या आशेला तिच्याच पुस्तकातली चिकित्सा असे उत्तर देते.

अर्पणपत्रिकेत एक उणीव आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. तिच्यात श्रेय मुक्त करणाऱ्यांना आहे. मुक्त होणारे मात्र तिथे दिसत नाहीत. वस्तुतः उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. मळे सोडून निघालेल्या गुलामांनी दक्षिणेचे कंबरडे कसे मोडले, हे डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ साली पुनर्रचनेवरील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. जोतीरावांना १८७३ साली हे साहित्य उपलब्ध असणे शक्य नव्हते. पण त्यांनी कोणा उदार मुक्तिदात्याची वाट पाहिली नाही, हेही खरे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याआधी सहाच दिवस अमेरिकेत जे कुक यांची पेढी बुडून मोठी मंदी सुरू झाली होती आणि त्या मंदीत पुनर्रचनेविषयीची उत्तरेची आस्था आटत गेली.

आपल्या विदर्भाला अमेरिकेचे ते युद्ध ठाऊक आहे ते कापसाच्या भावामुळे. दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाड-हिंगणघाटकडे मोर्चा वळवला. युद्ध थांबताच भाव कोसळला. १८६७ साली नागपुरास रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील राजभवनाच्या रक्षणाला उभे असलेले केंद्रीय सैनिक मागे घेण्यात आले आणि पुनर्रचना संपली. आपल्या स्थानिक इतिहासलेखनात कापसाचा हा धागा आहे. तो कापूस वेचणाऱ्या तिकडच्या माणसाचे युद्धानंतर काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो.

तो प्रश्न पुढे विचारला डॉ. आंबेडकरांनी. १९४६ साली त्यांनी शूद्रांच्या मूळाविषयीचा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच वर्षी द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. पुढच्या वर्षीच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी हक्कांसोबत नोकऱ्यांतील वाटा आणि शेतजमिनीची सरकारी मालकी मागितली. संविधानात हक्क आले, नोकऱ्यांतील राखीव जागांची तरतूद आली; जमिनीची ती मागणी मात्र बाहेर राहिली. १८६५ नंतर अमेरिकेतही जमीनच राहून गेली होती.

म्हणून ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका सभेत वाचणाऱ्यांनी तिच्यानंतरची पानेही वाचावीत. मुक्तीची घोषणा झाल्यानंतर दप्तर, शाळा आणि शिवार कोणाच्या ताब्यात गेले, याचा हिशेब मागायला ती पाने शिकवतात.